एका बरणीला एक हात

६ एप्रिल

ताई,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. आज ते खोटं ठरलं असतं, आणि मला खोटं खपत नाही हे तुला माहीत आहे.

तुझं पत्र काल आलं. नेहमीप्रमाणे आईच्या नावाने, नेहमीप्रमाणे मीच फोडलं आणि मीच वाचून दाखवलं. आई ओट्यापाशी लसूण सोलत ऐकत होती. मी बरी आहे, लाँड्रीत काम भरपूर आहे, इस्त्रीने हात भाजला होता पण आता बरा आहे, बाबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात, काकडीच्या वेलांना दोऱ्या बांधल्या का. संपलं. वेलांची चौकशी केलीस, माझी नाही. आठ महिन्यांत चार पत्रं पाठवलीस आणि एकातही ‘धाकटी कशी आहे’ एवढे तीन शब्द तुझ्याच्याने लिहवले नाहीत. आजवर तुला उत्तरं गेली ती आईची, मी फक्त हात चालवला. हे पत्र माझं आहे.

तर ऐक, दोऱ्या मी बांधल्या. मागच्या भिंतीला खिळे ठोकले, दोऱ्या ताणल्या, बोटं सोलवटून घेतली. बिया आईने पेरल्या. पेरून झाल्यावर हात झटकले आणि म्हणाली, “यंदा कमीच लावल्यात. करणारं कोण आहे?” आणि माझ्याकडे असं बघून आत गेली, जसं काही मीच तुला घालवलं.

मला राग येतो, ताई. घर सोडलंस म्हणून नाही. बाईने आपल्या पायांवर उभं राहावं, हे मी आरोग्य केंद्रात येणाऱ्या बायकांना रोज सांगते. तू न भांडता गेलीस, याचा राग येतो. गेल्या वर्षी कॅन्टीनवाला आपल्या खारवलेल्या काकड्यांच्या चाळीसच्या चाळीस बरण्या हातगाडीवर घालून परत घेऊन आला. गल्लीत सगळ्यांच्या देखत एकेक झाकण उघडून म्हणाला, “हे कामगारांना वाढू? तुम्हीच खाऊन दाखवा.” मऊ पडलेल्या, बुळबुळीत काकड्या, वर पांढरी साय, आणि तो वास. आई सगळ्यांसमोर तुला म्हणाली, “चित्त ठिकाणावर नव्हतं, तर बरणीत हात कशाला घातलास? तुझ्या हातालाच कीड लागलीय. आजपासून माझ्या बरणीला शिवायचं नाही!” आणि तू नुसती फडक्याला हात पुसत उभी. बोटं कोरडी झाली तरी पुसतच होतीस. एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि पुन्हा खाली बघायला लागलीस.

तोंड होतं ना तुला? मला एरवी ‘शहाणे, शहाणे’ म्हणून चिडवताना बरं चालायचं.

आईचा तो नियम मला कधीच पटला नाही. एका बरणीला एक हात. मीठ मोजण्यापासून तोंडाला फडकं बांधण्यापर्यंत ज्याचा हात, त्याचाच शेवटपर्यंत. दुसऱ्याने शिवायचं नाही, मग काकडी चांगली निघाली तर त्या हाताचं नाव, बिघडली तर त्या हाताचं पाप. कॉलेजच्या तीन वर्षांत मला ‘हाताचा गुण’ नावाचा धडा कुणी शिकवला नाही. गेल्या वर्षी पहिल्यांदाच आईने अख्खा हंगाम तुझ्या हाती दिला होता. पहिल्याच वर्षी हे झालं, आणि पंधरा दिवसांत तू निघून गेलीस. मी केंद्रातून आले तर कपाटातला तुझा कप्पा रिकामा. वर्तमानपत्राचा कागद तेवढा नीट अंथरून ठेवला होतास.

बाबा बरे आहेत. उत्तर पाठवायचं तर माझ्या नावाने पाठव, आणि केंद्राच्या पत्त्यावर.

— धाकटी


२५ मे

ताई,

दीड महिना झाला. उत्तर नाही. ठीक आहे. तू लिहू नकोस, मी लिहिते. आपल्या घरात बोलायचं काम नाहीतरी माझ्याकडेच आहे, तुम्ही सगळे तोंडात गुळणी धरून बसता.

वेल भिंतीच्या वर गेले. पहिल्या काकड्या परवा निघाल्या, बोटाएवढ्या, काटेरी, देठाला अजून सुकलेलं फूल— नाही, फूल दुसऱ्या टोकाला असतं. बघ, अजून मी चुकते. आईने टोपली माझ्यापुढे ठेवली.

“मी?” म्हटलं.

“मग कोण? मोठीचा हात बिघडला. माझ्या हाताला कंप सुटलाय, वाटीतलं मीठ बाहेर सांडतं. राहिलं कोण, तुझे बाबा?”

“मी तयार आहे,” बाबा आतून म्हणाले. “मी चाखायचं काम करतो.”

“तुम्ही गप्प बसा. तुम्हाला डॉक्टरांनी मीठ बंद केलंय.”

“चाखायला बंद नाही केलेलं. खायला केलंय.”

मी सांगितलं की मला नोकरी आहे, मला हे येत नाही, आणि मला करायचंही नाही. आई म्हणाली, “एवढी पुस्तकं वाचलीस आणि काकडी खारवता येत नाही? मग काय उपयोग त्या पदवीचा?”

मग पाचला उठून केलं. तू करायचीस तसंच. काकड्या दोन तास थंड पाण्यात, मग फुलाकडचं टोक नखाएवढं कापायचं. आई शेजारी स्टुलावर बसून हात न लावता तोंडाने मारत होती. “देठाकडून नको, फुलाकडून! ते टोक राहिलं तर अख्खी काकडी मऊ पडते. मोठीला एकदा सांगितलं की कळायचं.” तुझं नाव निघालं आणि ती खाली वाकून सांडलेली मोहरी वेचायला लागली. बरणीत तळाला लसूण, मोहरी, मिरी, शेपूच्या काड्या. काकड्या उभ्या दाबून. मग दहा पेले पाण्याला एक वाटी मीठ, सपाट, शीग नाही. वर उकळून घेतलेला दगड, काकडी पाण्याच्या वर डोकावू नये म्हणून. फडकं.

मीठ मोजताना मी दोनदा वाटी रिकामी करून पुन्हा भरली. आईला वाटलं, नवखी आहे.

तू गेल्या वर्षी मीठ मोजताना आकडे मोठ्याने म्हणायचीस, एक, दोन, तीन, आणि मी पुस्तक घेऊन बसलेली असले की ओरडायचे, “हळू मोज!” आठवीत शाळा सोडल्यापासूनची सगळी वर्षं तू हळूच मोजत होतीस, नाही का? माझ्या अभ्यासासाठी. हे मी कृतज्ञतेने लिहीत नाहीये. मला चीड येते आहे. कुणी सांगितलं होतं तुला?

— धाकटी


११ जून

ताई,

काकडी उत्तम झाली.

हे मी आनंदाने लिहीत नाही. काल आईने पहिली बरणी उघडली, एक काकडी काढली, चावली. असा आवाज आला की बाबा आतून “मलाही!” म्हणून ओरडले. शेजारच्या शिवणवाल्या काकू मशीन सोडून आल्या. त्यांनी दोन खाल्ल्या आणि तिसरी हातात धरून भाषण केलं. “शिकलेल्या हाताची गोष्टच वेगळी हो! मोठीचा हात जडच होता. मी तेव्हाच म्हणणार होते, पण म्हटलं, आपल्याला काय करायचंय दुसऱ्याच्या बरणीचं.” संध्याकाळपर्यंत बेकरीवाल्यापर्यंत बातमी. तो मला रस्त्यात थांबवून म्हणाला, “ग्रॅज्युएट काकडी म्हणून पाटी लावू का?”

आणि आई. आई मान डोलावत राहिली. मग म्हणाली, “बघ. तेच बी, तीच विहीर, तेच मीठ. हात बदलला आणि काकडी सुधारली. म्हणजे मी खोटं नव्हते बोलले.”

मी तिथून उठून मागे वेलांत गेले आणि भिंतीला लाथ मारली. पाय अजून सुजलेला आहे.

प्रत्येक चांगली काकडी तुला नव्याने गुन्हेगार ठरवते आहे. मी जितकी नीट करते तितकी तू दोषी ठरतेस. वीस बरण्या भरल्यात. वीस साक्षीदार तुझ्याविरुद्ध ओळीने फळीवर उभे आहेत. मला हे आता सहन होत नाही, म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी तू आणि आई बाबांना तपासणीसाठी इस्पितळात घेऊन गेला होतात. बरण्या भरून चौथा दिवस होता. मी घरी एकटी होते. मी चाळीस बरण्यांची फडकी सोडली, तांब्याने निम्मा निम्मा खार काढून मोरीत ओतला आणि तेवढंच पाणी भरलं. पाणी उकळून गार केलेलं होतं. स्वच्छतेची काळजी घेतली होती बघ मी! मग फडकी पुन्हा बांधली. तुझी गाठ मला येते, लहानपणी बुटांच्या नाड्या तूच बांधायला शिकवल्या होत्यास.

हे मी बाबांसाठी केलं. रात्रंदिवस छातीत कळा येत होत्या त्यांना आणि ते तरी बरणीत हात घालायचे. मी डोळ्यांनी पाहत होते. सांगून कोणी ऐकत नव्हतं. मीठ कमी झालं तर त्यांचं भलं होईल, एवढंच मनात होतं.

नाही. थांब. एवढंच नव्हतं.

केंद्रात मी रुजू झाले त्या आठवड्यात मला ‘मीठ कमी करा’ हा तक्ता रंगवायला दिला होता. मी लाल रंगात केला होता. डॉक्टरीणबाईंना फार आवडला. त्यांनी सहज विचारलं, “घरी काय करतात तुमच्या?” आणि मी सांगितलं, “आई शिवणकाम करते.” ताई, मला लाज वाटली. मी भिंतीवर मीठ सोडा लिहिणार आणि माझं घर मिठाच्या पाण्यावर चालणार, याची लाज. मी त्या दुपारी बाबांचं हृदय सुधारत नव्हते, माझा तक्ता सुधारत होते.

आणि मला माहीत होतं. हे सगळ्यांत वाईट आहे. मीठ चवीपुरतं नसतं, सडवणाऱ्या जंतूंना बाहेर ठेवतं ते मीठच, हे दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे. परीक्षेत त्यावर प्रश्न होता. मला दहापैकी नऊ मार्क मिळाले होते. घरातल्या बरणीपुढे उभी राहिल्यावर माझ्या डोक्यात तो प्रश्न आलाच नाही. पुस्तकातली बरणी वेगळी आणि आईची बरणी वेगळी, असंच मी समजत होते बहुतेक.

आता तरी शिव्या घालणारं पत्र पाठव.

— धाकटी


२४ जून

ताई,

पत्र मिळालं. केंद्रात, औषधांच्या खोक्यांवर बसून वाचलं. पुन्हा वाचलं. मग एका बाईला उंची-वजन न घेताच परत पाठवलं मी, इतकी डोक्यात तिडीक गेली होती.

तू लिहितेस: “शहाणे, मला माहीत होतं. कॅन्टीनवाला गेल्यावर मी एका बरणीत बोट बुडवून चाखलं. आळणी होतं. मी एक वाटी टाकलेली, मोजून. आईने काही केलं नसतं, बाबांना वाकता येत नव्हतं. राहिलीस तू. तुझी नोकरी लागून महिना झाला नव्हता आणि आई घरोघर सांगत हिंडत होती. म्हटलं, घरातल्या एकीचं तरी नाव राहू दे. माझं काय, मी आठवीतच शाळा सोडलेली. इस्त्री करायला नाव लागत नाही.”

कोणी दिला तुला हा अधिकार?

दहा महिने तू मला खोटारडी म्हणून जगू दिलंस आणि वर मोठेपणा घेतलास. मी त्या दारात उभी राहून मनात म्हणत होते, ती बोलेल, ती एक शब्द बोलेल, की मी लगेच सांगेन. तू एक शब्दही बोलली नाहीस. तुझ्या गप्प बसण्याआड मी लपले, आणि ती जागा तूच मला झाडून-पुसून दिलीस. लहानपणी फुटलेल्या कपापासून हेच चाललंय. “मी फोडला.” “माझ्या हातून सांडलं.” आई तुला रागवायची आणि मी पाढे म्हणत बसायचे. माणूस असा चांगला होत नाही, ताई. असा माझ्यासारखा होतो.

आणि ‘माझं काय’ हे दोन शब्द पुन्हा मला लिहून पाठवू नकोस. मी पत्र फाडून टाकीन. तुझ्या हाताला चव होती, मोजमाप होतं. चाळीस बरण्यांत एक वाटीही इकडची तिकडे झाली नव्हती. तुझं ते होतं. ते मी घालवलं आणि तू, ‘घे, तसंही जुनं झालं होतं’ म्हणत दिलंस!

मी आज आईला सांगणार. तू हो म्हण नाहीतर नाही म्हण. तुला विचारत नाहीये.

— धाकटी


२९ जून

ताई,

सांगितलं. आईचा विश्वास बसला नाही.

हसू नकोस. मी जेवणं झाल्यावर सांगितलं, बाबांसमोर, एका दमात. आई ताट घासत होती. तिने नळ बंद केला. मला वाटलं, आता वीज कोसळणार. ती म्हणाली, “किती गं चांगली तू.”

“काय?”

“बहिणीसाठी स्वतःवर घेतेस. पण मला फसवू नकोस. तू असं कशाला करशील? तू शिकलेली.”

“आई, मी केलं. मी निम्मा खार ओतला.”

“बरं, बरं. तिने पत्रात लिहायला सांगितलं असेल. मला वाचून न दाखवता परस्पर पत्रं येतात तुम्हा दोघींची, मला काय कळत नाही?”

मी ओरडले. खूप ओरडले. म्हटलं, “वर्षभर मी सांगितलेलं सगळं खरं मानलंस. गोळीचं नाव, विजेचं बिल, सरकारी कागद. मी म्हटलं इथे अंगठा, की तिथे अंगठा. आणि आता पहिल्यांदा खरं बोलते तर तुला ते खोटं वाटतं?”

बाबा बाजेवरून म्हणाले, “माझ्यासाठी केलं म्हणतेस ना? माझ्या नावावर खपवू नकोस. मला त्या दिवशी एक काकडी चाखू दिली असतीत, तर मीच सांगितलं असतं की खार आळणी आहे. पण या घरात मला विचारतो कोण?” आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांचा विश्वास बसला होता. ते माझ्याशी अजून बोललेले नाहीत.

आईचा बसेना. मग मी तिच्यासमोर दोन बरण्या घेतल्या. एकाच टोपलीतल्या काकड्या, फुलाकडची टोकं कापून, तोच लसूण, तेच पाणी. एकीत दहा पेल्यांना एक वाटी मीठ. दुसरीत आधी तसंच, आणि आज, चौथ्या दिवशी, ती बघत असताना निम्मा खार ओतून पाणी. दोन्हींत हात माझाच.

“आता बारा दिवस थांब,” म्हटलं. “हाताचा गुण असेल तर दोन्ही चांगल्या निघतील.”

“कशाला काकडी वाया घालवतेस?” ती म्हणाली. पण बरण्या तिनेच उचलून फळीवर ठेवल्या, स्वतःच्या डोळ्यांसमोर येतील अशा.

— धाकटी


१२ जुलै

ताई,

पाचव्या दिवशी दुसऱ्या बरणीतलं पाणी गढूळ झालं. सातव्या दिवशी साय. आई रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या फळीपुढे उभी राहायची. शिवणवाल्या काकू डोकावल्या, “अगं बाई, ही कशी बिघडली? हिचा हात तर—” आई म्हणाली, “तुमची मशीन चालू राहिली वाटतं तिकडे.” काकू गेल्या.

काल बारा दिवस झाले. आईने दोन्ही फडकी स्वतः सोडली. पहिलीतली काकडी चावली, कर्रकन वाजली. दुसरीतली तिने दोन बोटांत धरली आणि ती बोटांतच फुटली, साल राहिलं हातात. तिने हात नाकाशी नेला.

“हा तोच वास,” म्हणाली.

मग तिने बोट खारात बुडवून जिभेला लावलं. मी शिव्यांची वाट बघत होते. मला त्या हव्या होत्या, ताई. तिने विचारलं, “मोठीने त्या दिवशी चाखलं होतं?”

“हो.”

“मी चाखलंच नव्हतं गं.” ती स्टुलावर बसली. “पन्नास वर्षं करतेय. बोट लावलं असतं तर जिभेला कळलं असतं, मीठ कमी आहे म्हणून. एक बोट लावायचं होतं. गल्ली बघत होती म्हणून मी आधी ओरडले.”

मी तिच्याजवळ गेले तर तिने हात झिडकारला. “तू लांब हो. तुझं मला अजून पचलेलं नाही.” बरं वाटलं मला. खोटं नाही सांगत, बरं वाटलं.

आज मी केंद्रात डॉक्टरीणबाईंना सांगितलं की माझी आई शिवणकाम करत नाही, काकड्या खारवते, आणि माझी बहीण तिच्याहून चांगल्या खारवते. त्या म्हणाल्या, “मग आणा ना एक बरणी.” एवढंच! याच्यासाठी मी तुझं वर्ष जाळलं.

आई उद्या सकाळच्या बसने तुझ्याकडे येते आहे. एकटी. मी निघते म्हटलं तर म्हणाली, “तू नको. तुझं तू नंतर निस्तर.” तुझा पत्ता कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला आहे, कंडक्टरला दाखवायला. काय न्यावं तुझ्यासाठी, हे तिने तीनदा विचारलं आणि शेवटी काहीच बांधलं नाही. हे पत्रही मी पोस्टात टाकत नाही, तिच्याच हातात देते. “काय लिहिलंस एवढं?” म्हणाली. मी म्हटलं, “ती सांगेल.”

म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा आई तुझ्या समोर उभी असेल.

एक गोष्ट उरली आहे. ती मी आईला सांगितलेली नाही, आणि तुलाही नाही. ऑक्टोबरात तुझं पहिलं पत्र आलं, त्यात शेवटी एक ओळ होती: “आई, राग गेला असेल तर मी परत येऊ का?” मी ते पत्र आईला वाचून दाखवलं. ती ओळ वाचली नाही. बाबांच्या गोळ्यांवरून थेट ‘तुझी मोठी’वर आले. आईने विचारलं, “एवढंच?” मी म्हटलं, “एवढंच.” उत्तर मीच लिहिलं, वेल काढून टाकले, हवा बरी आहे. तू परत आलीस तर रोज माझ्यासमोर वावरशील, आणि एक दिवस बोलशील, याची मला भीती वाटली. तुला वाटलं असणार, आईने वाचून उत्तर टाळलं. तिला आजही ठाऊक नाही की तू विचारलं होतंस. तू काही मागत नाहीस याचाच तिला राग होता, इतके महिने.

तुझा स्वभाव मी ओळखते. तू आता हा कागद घडी करून खिशात ठेवशील आणि म्हणशील, “काही नाही, बरी आहे म्हणते धाकटी.” ताई, खबरदार! माझ्यासाठी एकदाही आणखी गप्प बसलीस तर मी तुला आयुष्यात क्षमा करणार नाही. हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव, पहिल्या अक्षरापासून, काही न गाळता. ती ऑक्टोबरची ओळसुद्धा. ती चिडेल, तू चिड. माझ्यावर दोघी मिळून हवं तेवढं ओरडा, आणि मग एकमेकींवरही ओरडा, कारण तिनेही चाखलं नव्हतं आणि तूही सांगितलं नव्हतंस.

ओरडून झालं की तो प्रश्न तिला पुन्हा विचार, तोंडाने. या वेळी मधे मी नाही.

— धाकटी